गप्प बसलेली आग

आमचे मालक कुणाच्या दारात आले की आधी त्यांचं नाक आत यायचं, मग कोट, आणि मग मालक. आई शेगडीवर भाकरी टाकत असली की उंबरठ्यावरच थबकून ते दोनदा हुंगायचे आणि म्हणायचे, "काहीतरी जळतंय."

"भाकरी जळतेय. तुमच्याशी बोलता बोलता," आई म्हणायची.

तेवढ्यानं मालकांचं समाधान व्हायचं नाही. वाकून शेगडीच्या मागे बघायचे, कोळशाच्या पोत्यावर पंजा ठेवायचे, देवापुढच्या निरांजनाकडे पोलिसासारखं बघायचे आणि मगच भाडं मागायचे. कधीकधी तर हुंगण्याच्या नादात भाडं मागायचं राहून जायचं, म्हणून महिनाअखेरीला चाळीतल्या काही बायका मुद्दाम उदबत्ती लावून ठेवत.

चाळ घाटकोपरला, पूर्वेकडे, मिठागरांच्या वाटेवर. दुमजली, पुढे आणि मागे लांब गॅलरी, आणि अंगणापलीकडे मालकांचं स्वतःचं बसकं कौलारू घर. आमचं बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर सातव्या खोलीत. मालक माणसांना नावानं ओळखत नसत, खोलीच्या नंबरानं ओळखत. माझ्या वडिलांना अख्खी चाळ अण्णा म्हणे. मालक मात्र "काय सात नंबर, आज कचेरीला बुट्टी?" असं विचारायचे. मी सात नंबरची पोर. माझा जन्म त्या खोलीत झाला आणि लग्न ठरेपर्यंत मला दुसरं नाव असल्याचं मालकांना माहीत नव्हतं.

मालक विमा कंपनीत सर्वेअर होते. गिरणी जळाली, वखार जळाली, तेलाचा डेपो जळाला की एकदोन दिवसांनी कोट घालून जायचं, राखेतून फिरायचं, आणि आग कशानं लागली, दोष कुणाचा, ते ठरवून सांगायचं, हा त्यांचा धंदा. साहेबलोकांच्या वेळेपासून ते हेच करत आले होते. पण गंमत अशी की आयुष्यभर आगीच्या जिवावर जेवलेल्या ह्या माणसानं भडकलेली आग कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. ते पोचेपर्यंत सगळं काळं आणि ओलं झालेलं असायचं. मालकीणबाई हे अगदी गोड आवाजात सांगायच्या, "आमचे हे सगळ्या आगींच्या तेराव्याला जाऊन आलेत. बारशाला एकदाही बोलावणं नाही."

त्या बिचाऱ्यांनी फार सोसलं. घरातली काडेपेटी मालकांच्या ताब्यात. संध्याकाळी दिवा लावायचा तर मालक बाहेरून येईपर्यंत थांबायचं. शेवटी बाईंनी एक काडेपेटी गुपचूप आमच्या आईकडे ठेवायला दिली होती. ती आमच्या तांदळाच्या डब्यात असायची, आणि संध्याकाळी चार वाजता मालकीणबाई "जरा तांदूळ बघू दे तुझे" म्हणत यायच्या. तांदळात काय बघायचं असतं, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

मालकांच्या हातात छत्री किंवा काठी नसे, एक लोखंडी सळई असे. पुरुषभर लांब, एका टोकाला लाकडी मूठ, दुसरं टोक घासून अणकुचीदार केलेलं. कसलाही ढीग दिसला की ही सळई त्याच्या पोटात जायची. मग मालक डोळे मिटून मनात काहीतरी पुटपुटत, सळई ओढून काढत आणि तिचं टोक गालाला लावत. गार लागलं की पुढे चालू पडत. ऊन लागलं की गंभीरपणे सांगत, "ताप आहे." कोळशाची रास, गोणपाटांचा ढीग, लाकडाचा भुसा, सगळ्यांचा ताप त्यांनी पाहिला होता. दिवाळीत आईनं खोलीत रचून ठेवलेल्या गाद्यांतही सळई घालायला निघाले होते, तेव्हा आई लाटणं घेऊन आडवी आली.

संध्याकाळी ओट्यावर बसले की मालकांचं व्याख्यान सुरू व्हायचं. श्रोता मिळेल तो. मी मॅट्रिक होऊन शिवणाच्या क्लासला जात होते. परत येताना मला गाठायचे.

"कापसाची गाठ बघितलीस का कधी?"

"बघितली."

"कशी असते? दाबून दाबून बांधलेली. आता समज तिच्यात ठिणगी गेली. बंब आला, धो धो पाणी मारलं. वरचा चार बोटं थर भिजला. पुढचं सगळं पाणी त्याच्यावरून घसरून गटारात. आतला विस्तव कोरडाच! त्याला जाळ नको, वारा नको. धाग्याधाग्यात कोंडलेली हवा त्याला पुरते. तो आपला आत बसून कुरतडतोय. बंबवाले गेले, मालकानं पेढे वाटले. आणि मग काही आठवड्यांनी कुणी शहाणा ती गाठ सोडायला जातो. हवा आत गेली की झाली सुरुवात पहिल्यापासून."

"आणि तेलाची?"

"तेलावर पाणी ओतलंस तर तेल पाण्याच्या डोक्यावर चढून बसतं आणि जळत जळत शेजाऱ्याच्या दारात जातं."

"मग विझवायची कशी?"

इथे मालक दुखावल्यासारखे बघायचे. 'विझली' हा शब्द त्यांच्यापुढे काढायचा नाही, असा चाळीत दंडकच होता. "विझली म्हणू नकोस, पोरी. 'गप्प बसली' म्हण. आग आणि सासू, गप्प बसली म्हणजे विझली असं समजणाऱ्याची वाट लागते." मग आवाज खाली आणून सांगायचे, "खरा उपाय एकच. उपसायची. ढीग सगळा उपसायचा, पातळ पसरायचा आणि मूठमूठ भिजवायची. पण त्याला वेळ लागतो, आणि उपसलं की आत काय काय कोंबलं होतं तेही लोकांना दिसतं. म्हणून कुणी उपसत नाही."

हे शेवटचं वाक्य ते जरा घाईनं बोलायचे. का, ते मला पुढे कळलं.

मालकांच्या ज्ञानावर चाळीचा विश्वास न बसायला एक मांजर कारण झाली. चाळीच्या शेजारी एका भय्याचा म्हशींचा गोठा होता आणि गोठ्याच्या कडेला गवताची मोठी गंजी. गवत ओलं रचलं की आतल्या आत तापतं आणि आपणहून पेटतं, हे मालकांचं आवडतं प्रकरण. एक दिवस सळई गंजीत गेली आणि बाहेर आली ती चांगली कोमट. मालकांनी गालाला लावली, मग दुसऱ्या गालाला लावली आणि असा आरडाओरडा केला की अख्खी चाळ गॅलरीत आली. गंजी मोडा, गंजी उपसा, एक पेंढी राहता कामा नये! भय्या हातापाया पडत होता, पण मालकांनी चार माणसं लावून गंजी पार जमिनीपर्यंत उतरवली. पोटात मांजर सापडली. तिच्याभोवती पिल्लं. तिनं मालकांकडे बघून जे काही तोंड केलं, ते मी विसरणार नाही.

भय्या म्हणाला, "मालिक, इसको बुखार नहीं, बच्चा हुआ है."

त्या दिवसापासून मालकांनी "ताप आहे" म्हटलं की गॅलरीतून कुणीतरी म्याव करायचं.

आता मूळ दुखण्याकडे येते. चाळीच्या मागे मालकांचीच मोकळी जागा होती. आधी तिथे मोठा खड्डा होता, पावसाळ्यात डबकं आणि बाराही महिने डास. मालकांना तिथे दुसरी चाळ बांधायची होती. त्यांनी कुठल्याशा ठेकेदाराकडून भरणी करून घेतली. लॉऱ्या येत, मागचं फळकं पडे, आणि शहराचा कचरा, भाजीपाला, चिंध्या, कारखान्यांतलं काय काय त्या खड्ड्यात जाई. वर लाल मुरूम पसरला, रोलर फिरवला, आणि जागा अशी झकास सपाट झाली की पोरं हुतूतू खेळू लागली.

पुढच्याच उन्हाळ्यात मुरमाला भेगा पडल्या आणि भेगांतून धूर येऊ लागला. बंब आला. पाणी मारलं, फुस्स करून वाफ झाली, धूर थांबला. बंब गेला. दोन दिवसांनी दुसऱ्या कोपऱ्यातून धूर. पुन्हा बंब. तिसऱ्या खेपेला बंबावरचा मालवणी जमादार वैतागून म्हणाला, "मालकांनू, ही आग न्हय, ही धुमी आसा. वरसून पाणी मारून कायेक उपेग नाय. सगळा उपसूक व्हया."

जे मालक ओट्यावर आम्हाला रोज हेच सांगायचे, ते जमादाराला म्हणाले, "काही गरज नाही. वर माती घाला." मग चिखल आणि मातीचा जाड थर घातला. धूर बंद झाला. गप्प बसली.

आता आग लागली म्हणजे कारण पाहिजे. सर्वेअरच्याच जागेतली आग, तिला कारण नसून कसं चालेल? मालकांनी कोट चढवला, सळई घेतली, जागेभोवती फेऱ्या मारल्या, गॅलरीकडे मान वर करून बघितलं आणि निकाल दिला, "सात नंबरच्या गॅलरीतून पेटती विडी पडली."

अण्णा रोज जेवणानंतर मागच्या गॅलरीत उभे राहून एक विडी ओढत. दिवसातली तेवढीच त्यांची चैन. ते थोटूक खाली टाकत नसत, करवंटीत ठेवत, हे आईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. पण सर्वेअरनं सांगितलं म्हटल्यावर चाळीला ते पटलं. तापाच्या बाबतीत म्याव करणारी माणसं, पण दोष शेजाऱ्याचा निघाला तेव्हा त्यांचा मालकांच्या ज्ञानावर एकदम विश्वास बसला. "काय अण्णा, लंका जाळलीत!" असं येता-जाता सुरू झालं. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. अण्णा हसायचे. पण त्यांनी विडी सोडली. पुढे पुढे मागच्या गॅलरीत उभं राहणंही सोडलं. जेवण झालं की आत भिंतीला टेकून बसायचे, मोकळे हात मांडीवर ठेवून. विडी सुटली म्हणून आईला आनंद व्हायला हवा होता, पण तिला तो झाला नाही. मला मालकांचा फार राग यायचा. तरी ओट्यावर त्यांचं व्याख्यान मी ऐकायची, कारण माणूस बोलायचा गोड.

माझं लग्न ठरलं बोरीवलीच्या मुलाशी. माझे सासरे पोस्टात होते आणि शकुन-अपशकुनाच्या बाबतीत भलते हळवे. पत्रिका त्यांनी दोन ज्योतिषांकडून जुळवून घेतली होती, आणि दोघांचं जुळलं तरी तिसऱ्याला नुसती दाखवून आणली होती. मुहूर्त वैशाखातला. लग्न दारातच करायचं आणि मांडव मागच्या मोकळ्या जागेत घालायचा, असं अण्णांनी ठरवलं. दुसरीकडे जागा घ्यायची ऐपत नव्हती. अण्णा परवानगी मागायला मालकांकडे गेले तेव्हा मीही बरोबर होते.

मालकांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "मांडव घाला. पण तिथे खणायचं नाही. एक वीत नाही. खांब रॉकेलच्या डब्यांत रेती भरून उभे करा. डबे मी देतो, रेती मी देतो."

"मालक, आता तर काही धूर नाही," अण्णा म्हणाले.

"नाही ना? तो दिसू नये म्हणूनच म्हणतोय, सात नंबर."

एवढं ठरलं होतं. पण लग्नाच्या आधी चार दिवस पेणहून आत्या आली. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. तिचं वजन आणि तिचा शब्द, दोन्ही घरात भारी. मुहूर्तमेढ रोवायची तयारी झाली, आंब्याचा टाळा बांधला, हळदकुंकू लावलं आणि माझ्या मामानं रेतीचा डबा पुढे सरकवला.

"हे काय?" आत्यानं विचारलं.

"मेढ ह्यात उभी करायची."

"डब्यात? लग्न करताय की तुळस लावताय? मेढ जमिनीत रोवतात. आजवर आपल्या घराण्यात कुणाची मेढ डब्यात उभी राहिली नाही, आणि माझ्या भाचीची राहणार नाही. मालकांना काय कळतं? मांजरीला बाळंतपणात सळई लावणारा माणूस तो!"

मालक दुपारचे झोपले होते. मामानं पहार आणली आणि मुरमात हातभर खड्डा केला. खालची माती काळी निघाली. पहारीचं टोक हाताला लागलं तसा मामा म्हणाला, "तापलीय गं ही." आत्या म्हणाली, "वैशाख आहे, तापणार नाही तर काय थिजणार?" मेढ रोवली, भटजींनी मंत्र म्हटले, सवाष्णींनी ओवाळलं.

चार वाजता मालक उठून बाहेर आले आणि मेढ बघून जागच्या जागी उभे राहिले. मेढीशेजारी सळई घातली, थांबले, काढली, गालाला लावली. चटकन हात मागे घेतला.

"ताप आहे," ते म्हणाले.

वरच्या गॅलरीतून म्याव आलं.

"अहो, चेष्टा नाही. तुम्ही खालच्याला दार उघडून दिलंत. उपटा ती मेढ!"

"मेढ उपटा?" आत्या उभीच राहिली. "लग्नाची मेढ उपटायची? मोडायचंय का लग्न पोरीचं?"

रोवलेली मेढ लग्न होईपर्यंत हलवायची नाही हे मालकांनाही ठाऊक होतं, आणि उपटली तर खड्डा आणखीच उघडा पडणार होता. मग त्यांनी एक अजब काम आरंभलं. कोट उतरवला, धोतर खोचलं, खाडीकडचा चिकट चिखल पाटीतून आणवला आणि मेढीच्या बुडाशी बसून तो हातानं लिंपू लागले. वैशाखाचं ऊन. लिंपलेलं वाळे, तडके, मालक पुन्हा ओलं करून लिंपत. सकाळ-संध्याकाळ तेच. आत्याला ते बघून भरून आलं. "किती भाविक माणूस! मेढीची केवढी सेवा करतोय," ती आईला म्हणाली.

लग्नाच्या दिवशी सकाळी वऱ्हाड आलं. त्यांना उतरायला चाळीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या करून दिल्या होत्या. चहा झाला, आणि सासरे उपरणं झटकत मांडव बघायला निघाले. मी वरच्या खिडकीतून बघत होते, अंगाला हळदीचा वास, कपाळाला मुंडावळ्या बांधायच्या राहिलेल्या. ते मेढीपाशी गेले, हात जोडायला वाकले आणि तसेच राहिले. चिखलाला तडा गेला होता. तड्यातून धुराची बारीक रेघ सरळ वर चालली होती. आंब्याची पानं तपकिरी झाली होती आणि मेढ जराशी कलली होती.

"मेढीतून धूर?" सासरे म्हणाले. "हे लक्षण काही बरं दिसत नाही."

अण्णा धावले. "काही नाही हो, जुनी आग आहे, ती जरा..."

"आग? लग्नाच्या जागेत? कुणी लावली?"

आता गप्प राहावं की नाही? पण आमच्या चाळीत गप्प राहणं कुणाच्या कुंडलीतच नव्हतं. पाच नंबरवाले मदत करायच्या हेतूनं म्हणाले, "ती होय? ती अण्णांच्या विडीची! दोन वर्षं झाली."

सासऱ्यांनी अण्णांकडे बघितलं. "म्हणजे मुलीच्या बापानंच?" एवढंच म्हणाले आणि आत जाऊन बसले. त्यांचे भाऊ आत गेले, भटजी आत गेले, माझा होणारा नवराही गेला. दार लोटलं गेलं. (नवऱ्यानं मला पुढे सांगितलं की त्या वेळी त्याला फक्त भूक लागली होती.) मुहूर्ताला तासभरही उरला नव्हता. मी पुढच्या गॅलरीत धावले, तर खाली अण्णा बंद दारापुढे टोपी हातात घेऊन उभे होते. काहीच न केलेला तो माणूस, आणि त्याची मान अशी खाली की मला रडू आवरेना. लग्न मोडलं तर मोडलं, पण अण्णांनी असं उभं राहू नये, असं मला वाटत होतं.

तेवढ्यात मालक त्यांच्या घरातून निघाले. अंगात कोट, डोक्याला काळी टोपी, काखेत सळई. आग बघायला जाताना असत तसे. अंगण ओलांडून त्यांनी ते दार ढकललं आणि उंबरठ्यावर उभे राहून, चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"मी विमा कंपनीचा सर्वेअर. आग कशानं लागली आणि दोष कुणाचा, हे सांगायचा पगार मी जन्मभर घेतला. आज फुकट सांगतो. ह्या जागेत खड्डा होता. तो मी कचऱ्यानं भरून घेतला, कारण ठेकेदारानं भरणी फुकट दिली. त्यात कारखान्यातले यंत्र पुसायचे तेलकट बोळे होते, लॉरीच्या लॉरी. मी डोळ्यांनी बघितले आणि पाठ फिरवली. तेलकट चिंध्या दाबून ठेवल्या की आपणहून तापतात, कुणी काडी लावावी लागत नाही. वर पाणी मारलं की वरच्यावर वाफ होते, माती घातली की ती आत जपून ठेवली जाते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उपसली असती तर मी काय भरलंय ते सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून ह्यांच्या विडीचं नाव पुढे केलं. अण्णांची विडी खाली पडली नाही. मी खोटं बोललो. दोष मालकाचा."

मालकांनी त्यांना अण्णा म्हटलं. सात नंबर नाही. गॅलरीतली सगळी माणसं कठड्यावरून खाली वाकली.

सासरे कसलेले पोस्टवाले. "कशावरून?" म्हणाले.

"या," म्हणून मालकांनी त्यांचा दंडच धरला आणि मागे नेलं. मामाला पहार घ्यायला लावली, स्वतः रेतीची बादली उचलली. मेढीपासून जरा बाजूला, आत्याच्या देखरेखीखाली, मुरूम फोडला. काळ्या, कुबट वासाच्या चिंध्यांचा गठ्ठा वाफा टाकत वर आला. मालक सासऱ्यांना समजावून सांगू लागले, "हे बघा, हे तेल, हा धागा, आणि आता ह्याला हवा मिळाल्यावर..."

भस्सकन जाळ झाला. माणसाच्या कमरेएवढा.

सगळे मागे उडाले. मालक मात्र तिथेच. तोंड उघडं, टोपी एका कानावर. "अरेच्या," लहान पोरासारखं ते म्हणाले, "पेटली!" रेतीची बादली त्यांच्या हातात होती, पण ती ओतायची असते हे ते साफ विसरले. शेवटी अण्णांनी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि जाळावर रिकामी केली.

सासऱ्यांनी धोतरावरची राख झटकली. जरा विचार केला. "म्हणजे दोष जागेचा आहे," ते म्हणाले, "माणसांचा नाही. मग मुहूर्त कशाला घालवता?"

मांडवातली माणसं, पाट, अंतरपाट, सगळं उचलून मालकांच्या घराच्या ओटीवर नेलं. माझं लग्न तिथे लागलं. ज्या घरात काडेपेटीला कुलूप होतं, त्या घरात होम पेटला. मालक होमाशेजारी बादली घेऊन मांडी ठोकून बसले होते आणि तुपाची धार पडून जाळ उठला की दचकून मूठभर रेती उचलत. भटजी मध्येच मंत्र थांबवून म्हणाले, "मालक, यज्ञात रेती पडली तर लग्न पुन्हा पहिल्यापासून लावावं लागेल हं." मालकीणबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना आत जावं लागलं.

आहेरात मालकांनी मला तांबडा रंग दिलेली लोखंडी बादली दिली, रेतीसकट. ती बोरीवलीला नेताना सासऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. पुढे तीच बादली ते आल्यागेल्याला कौतुकानं दाखवत.

ती जागा मालकांनी त्याच महिन्यात उपसायला घेतली. सगळी उपसली, पसरली, मूठमूठ भिजवली. सगळ्या घाटकोपरनं नाकाला रुमाल लावून ते बघितलं. दुसरी चाळ काही त्यांच्या हातून झाली नाही. पण हे सगळं मी माहेरपणाला आले तेव्हा कळलं. लग्नाच्या दिवसाचं एक सांगायचं राहिलंय.

संध्याकाळ होत आली होती. माझी पाठवणी व्हायची होती. मी सगळ्यांच्या पाया पडून मालकांना शोधत मागच्या बाजूला गेले, तर चाळीच्या मागच्या पायऱ्यांवर अण्णा बसले होते आणि मालक त्यांच्यापुढे उभे. मालकांच्या हातात विड्यांचं बंडल होतं आणि पायाशी रेतीची बादली.

"सोडली मी, मालक," अण्णा म्हणाले.

"माझ्यामुळे सोडलीत. घ्या."

अण्णांनी एक विडी काढून ओठात धरली. मालकांनी खिशातून काडेपेटी काढली. त्यांना काडी ओढायची सवयच नव्हती. पहिली मोडली, दुसरी फुरफुरून गेली. तिसरी पेटली तशी त्यांनी दोन्ही तळव्यांच्या आडोशात ती ज्योत धरली आणि अण्णांच्या विडीपाशी नेली. अण्णांनी झुरका घेतला आणि सवय सुटल्यामुळे खोकत सुटले. खोकता खोकता हसू लागले. दोन वर्षांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं, आणि मी तिथेच पायरीवर बसून रडले.

विडी संपली. अण्णांनी करवंटीसाठी सवयीनं इकडेतिकडे बघितलं. मालकांनी हात पुढे करून थोटूक घेतलं, बादलीतल्या रेतीत खुपसलं, वरून दाबलं आणि रेतीवर तळवा ठेवून डोळे मिटून बसले.

"काय मालक," अण्णांनी विचारलं, "गप्प बसली का?"

मालकांनी तळवा उचलला, गालाला लावला आणि अण्णांकडे बघितलं.

"विझली, अण्णा," ते म्हणाले.